अर्ध्या तासानंतरचं पाणी

मागच्या पावसाळ्यात गोवंडीतल्या एका घरी एका बाईने माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि मी "नको" म्हटलं. घडलं ते एवढंच. पण ते "नको" अजून घशात अडकून बसलंय, म्हणून आज लिहायला घेतलं.

वस्तीत जुलाबाची साथ होती. आम्ही चार-पाच जणी दर रविवारी तिकडे जातो. पिशवीत ओआरएसची पाकिटं आणि क्लोरीनच्या थेंबांच्या छोट्या बाटल्या असतात. त्या दिवशी तिच्या घरी मी नेहमीप्रमाणे सगळं करून दाखवलं. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून हंड्यात घेतलं, बाटलीवर लिहिलेल्या मापाने थेंब टाकले, ढवळलं, वर झाकण ठेवलं. "आता अर्धा तास याला हात लावायचा नाही. मग बिनधास्त प्यायचं," मी म्हटलं. बिनधास्त हा शब्द माझाच. बाहेर पाऊस कोसळत होता, पत्र्यावर इतका आवाज की ओरडून बोलावं लागत होतं, म्हणून तो अर्धा तास मी तिथेच टेकले. तिने जालन्याकडच्या माहेराचं सांगितलं, नवऱ्याला पावसाळ्यात नाक्यावर काम मिळत नाही ते सांगितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ती उठली. खुंटीवरचं लांब दांड्याचं ओगराळं काढलं, बोट पाण्याला लागू न देता पेला भरला, पेल्याचा तळ पदराने पुसला आणि माझ्यापुढे ठेवला. आम्ही शिकवलेलं सगळं तिने बिनचूक केलं होतं. माझ्या पर्समध्ये घरून आणलेली बाटली होती. तोंडातून निघून गेलं, "नको गं, आत्ताच प्यायले."

"तुमचंच औषध घातलंय की ताई त्यात," ती म्हणाली.

स्वरात तक्रार नव्हती. माझ्या लक्षात राहिलं नसेल असं समजून ती मला आठवण करून देत होती. मी हसल्यासारखं केलं, छत्री उचलली आणि पुढच्या घरी गेले.

पंचवीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं आहे. क्लोरीन जंतूंचं काय करतो, त्याला अर्धा तास का द्यायचा, गढूळ पाण्यात तो वाया का जातो, हे फळ्यावर लिहून लिहून हात झिजला. त्याच दुपारी त्याच हंड्यातल्या पाण्याची मी ओटी टेस्टसुद्धा, म्हणजे क्लोरीनची तपासणी, केली होती. काचेच्या नळीत पाणी घेतलं, ओटीचे थेंब टाकले आणि पाणी पिवळसर झालं. पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन काम करून वर थोडा शिल्लक आहे, लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम तरी राहिला पाहिजे, असं मी तिच्या आठ वर्षांच्या मुलाला समजावत होते. तो नळी डोळ्यांसमोर धरून म्हणाला, "पिवळं झालं म्हणजे चांगलं? गटाराचं पण पिवळंच असतं." मला त्या प्रश्नाचं कौतुक वाटलं होतं. म्हणजे त्या पेल्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे त्या खोलीत सगळ्यांत पक्कं कुणाला माहीत असेल तर मला. तरीही हात पुढे झाला नाही. रात्री चेंबूरच्या घरी, स्वयंपाकघरातल्या यंत्राचा हिरवा दिवा लागलेला बघत मी पाणी प्यायले आणि ते पाणी काही केल्या गोड लागेना.

मग मी घाबरले कशाला?

माझं लहानपण माणदेशात गेलं. बाहत्तरच्या दुष्काळात मी सात वर्षांची होते, त्यामुळे पाणी म्हटलं की मला आधी वाट बघणं आठवतं, पाणी नंतर. गावाला पायऱ्यांची विहीर होती. बायका पायऱ्या उतरून खाली जायच्या, घोटाभर पाण्यात उभ्या राहून घागरी बुडवायच्या. शेजारच्या आबांच्या पोटरीतून निघालेला नारू, म्हणजे अंगात वाढणारा लांब जंत, मी पाहिलाय. पांढरा, शेवयीसारखा. तो काडीला गुंडाळून ठेवायचा आणि रोज बोट-दोन बोटं ओढायचा. ओढताना तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर अंथरुणाला खिळायचा. पायाची आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात सोडणार, नारू तिथेच आपली पिल्लं सोडणार, पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे सायक्लोप्स नावाचे जीव ती गिळणार आणि तेच पाणी आमच्या घागरीत येणार. हे सगळं मला पुढे पुस्तकात कळलं. आजीला यातलं काही माहीत नव्हतं, पण घागरीच्या तोंडावर जुन्या लुगड्याचं दुहेरी फडकं बांधल्याशिवाय तिने कधी पाणी ओतलं नाही. पुढे आरोग्य खात्याची माणसं घरोघर जाऊन तेच फडकं बांधायला सांगू लागली. नारूवर लस नव्हती, औषध नव्हतं. पाणी गाळणं, पायऱ्या बुजवून विहिरीला कठडा बांधणं, हातपंप बसवणं आणि गावोगाव रुग्ण शोधत हिंडणं, अशा उपायांवर तो गेला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैत राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर झालं. माझ्या वर्गातल्या शेवटच्या काही तुकड्यांना नारू म्हणजे काय हे चित्र काढून सांगावं लागायचं, तेव्हा मला आतून किती बरं वाटायचं!

पण त्याच आजीच्या हातून मी आणखी एक गोष्ट पाहिली आहे. सरपण फोडायला येणारा एक जण दुपारी ओट्याखाली उकिडवा बसायचा. ओंजळ तोंडाशी धरायचा. आजी ओट्यावरून, तांब्या त्याच्या बोटांपासून हातभर वर राहील अशा बेताने धार धरायची. धार वाकडी जायची, त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत पाणी ओघळायचं. आम्हा पोरांनाही ती तांब्याला तोंड लावू द्यायची नाही. वरून प्या, उष्टं करू नका. दोन्ही वेळा धार तशीच, तांब्याही तोच. त्यातली कुठली धार स्वच्छतेची आणि कुठली जातीची, हे आजीला विचारलं असतं तर तिलाही सांगता आलं नसतं. तिच्यासाठी ते एकच होतं. मी त्या आजीची नात. तिचं फडकं मी घेतलं, ओगराळं घेतलं, उष्ट्याचा नियम घेतला, आणि त्यांच्या घडीत गुंडाळून आणखी काय काय आलं असेल ते मी कधी झटकून पाहिलं नाही.

तिच्या खोलीत, घड्याळाच्या शेजारी, बाबासाहेबांची तसबीर आहे. मी "नको" म्हटलं तेव्हा ती बरोबर माझ्या समोर होती. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून हजारो लोक ओंजळीने पाणी प्यायले. तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव तिथल्या नगरपालिकेने आधीच केलेला होता, पण ठरावातलं पाणी ओंजळीत आलेलं नव्हतं. ते ज्या दिवशी आलं त्या दिवशी मारहाण झाली, आणि नंतर तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. गोमूत्र, शेण, दूध, दही यांच्या घागरी पिण्याच्या पाण्यात ओतल्या. पाण्यावरचा धडा शिकवताना दरवर्षी मी इथे येऊन थांबायचे. शेण घातलेलं पाणी शुद्ध आणि माणसाची ओंजळ लागलेलं अशुद्ध! वर्गात एकदम शांतता व्हायची. पाण्याचा हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ साल उजाडलं. हे सगळं मुखोद्गत असलेल्या बाईने त्या तसबिरीसमोर बसून पेला नाकारला. तिला माझं "नको" कसं ऐकू आलं असेल? जंतूंना घाबरणाऱ्या मास्तरीणबाईंचं, की ओट्यावरच्या आजीचं? आणि खरं सांगायचं तर, मला तरी ते कसं ऐकू आलं?

आमच्या रविवारच्या फेरीत एक वाक्य ठरलेलं असतं: "पाणी उकळून प्या, हात साबणाने धुवा." मी ते शेकडो वेळा म्हटलं आहे. त्या घरी परत परत जाऊ लागल्यावर ते माझ्याच्याने म्हणवेना. तिच्याकडे नळ नाही. दोन गल्ल्या सोडून एकाच्या नळाला पहाटे चारच्या सुमाराला पाणी येतं, तिथे ती कॅन घेऊन नंबर लावते. पस्तीस लिटरचा एक कॅन वीस रुपयांना. दिवसाला चार कॅन, म्हणजे ऐंशी रुपये. हजार लिटरला हिशेब केला तर पाचशे सत्तर रुपये पडतात; घरात पालिकेचा नळ असलेल्याला तेवढ्याच पाण्याला दहा रुपयेसुद्धा लागत नाहीत. घरात माणसं सहा. माणशी तेवीस लिटर. माझ्या इमारतीत माणशी १३५ लिटरचं माप आहे आणि झोपडपट्टीसाठी ४५ चं. तिच्या वाट्याला त्या पंचेचाळिसाचंही निम्मंच येतं. उकळायला गॅस लागतो, तो वेगळा. एकदा मी विचारलं, उकळतेस का गं? तर म्हणाली, "बारकीपुरतं उकळते. सगळ्यांचं उकळलं तर शिजवू कशावर?"

वैतरणा, तानसा, भातसा. कितीतरी लांबून, डोंगर-दऱ्या ओलांडून हे पाणी मुंबईत येतं, शुद्ध होऊन, क्लोरीन घेऊन येतं. बिघडतं ते शेवटच्या शंभर फुटांत. बारीक बारीक पाइप गटाराच्या कडेने, कुठे कुठे गटारातूनच गेलेले असतात. पाणी दिवसातून तास-दोन तास. ते गेलं की पाइप रिकामा होतो, आणि कुठे सांधा निसटलेला असेल, कुठे गंज खाऊन भोक पडलेलं असेल, तिथून बाहेरचं घाण पाणी आत शिरतं. त्यात पुढे कुणी मोटर लावली की ओढ आणखी वाढते. म्हणून वस्तीतल्या बायका पहिलं पाणी सोडून देतात. ते काळपट असतं, त्याला वास असतो. विकतचं पाणी सोडून देताना मात्र जीव वर-खाली होतो, म्हणून तिचं एक वेगळं पिंप आहे. पहिलं पाणी त्यात, ते फरशीला आणि संडासाच्या डब्याला. उरलेल्यात ती तुरटी फिरवते. तुरटी फिरवणारा तिचा हात मी किती तरी वेळ बघत बसले होते. मनगट न हलवता नुसती बोटं, एकाच दिशेने, मोजून. थोड्या वेळाने गाळ तळाशी बसतो आणि वरचं पाणी काचेसारखं होतं. आणि इथेच फसगत होते, कारण गाळ खाली बसला तरी सगळे जंतू बसलेले नसतात. नितळ आणि निर्मळ या दोन शब्दांतलं अंतर मी वर्गात शिकवलं होतं, पण नितळ पाणी तहानलेल्या पोराच्या समोर असताना ते अंतर सांगणं किती कठीण असतं हे मला त्या हंड्याशेजारी बसल्यावर कळलं.

हात धुण्याचं तिने स्वतःच काढलेलं आहे. दाराच्या चौकटीला एक प्लॅस्टिकची बाटली उलटी टांगलेली, झाकणाला दाभणाने तीन भोकं पाडलेली. झाकण जरा सैल केलं की बारीक धार येते. शेजारी जुन्या पायमोज्यात साबणाची वडी, म्हणजे ती खाली पडून मातीत जात नाही आणि पोरं पळवत नाहीत. बाटलीभर पाण्यात चार पोरांचे हात दोनदा धुऊन होतात. कपडे खळबळलेलं पाणी फरशीला, तांदूळ धुतलेलं पाणी दारातल्या तुळशीला. ही बाई पाणी वापरताना जेवढा विचार करते तेवढा मी आयुष्यात पैशांचाही केलेला नाही. आणि आम्ही तिला स्वच्छतेचं महत्त्व सांगायला जातो.

एक गोष्ट मात्र तिने पाचव्या की सहाव्या खेपेला सांगितली, मुलगा बाहेर गेल्यावर, आवाज खाली आणून. ती स्वतः संध्याकाळी पाचनंतर पाणी पीत नाही. सार्वजनिक संडास गल्लीच्या टोकाला, तिथला दिवा गेलेला, रात्री तिकडे पोरं बसलेली असतात. मोठी मुलगी बारा वर्षांची झाली, तीही आता आईचं बघून पाणी कमी पिते. दोघींना लघवीला जळजळ होते. "जायला नको म्हणून प्यायला नको," ती म्हणाली. मी ओआरएस आणि क्लोरीनच्या पिशव्या घेऊन फिरत होते आणि या घरातल्या दोन बायका, पाणी भरून हात दुखणाऱ्या, भरलेल्या हंड्याशेजारी तहानलेल्या झोपत होत्या.

पाणी मागायचाही अधिकार नाही असं या वस्त्यांना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. १ जानेवारी २००० नंतरची झोपडी असेल तर नळजोडणी मिळायची नाही. पाणी हक्क समितीने ते न्यायालयात नेलं आणि डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, ते नाकारता येणार नाही. २०२२ मध्ये 'सर्वांसाठी पाणी' असं धोरणही आलं. तिचा अर्ज एका कचेरीत दीड वर्षापासून आहे. प्रत्येक फेरीला एक नवा कागद कमी पडतो. मी दोनदा तिच्याबरोबर गेले. मला खुर्ची मिळाली, तिला मिळाली नाही. मी उभीच राहिले. माझं मत विचाराल तर आधी तिच्या दारात नळ, गल्लीच्या टोकाला उजेड आणि कडी लागणारं दार. हात कसे धुवावेत ते त्यानंतर. थेंबांची बाटली ही मधल्या काळाची सोय आहे, आणि हा मधला काळ काही संपत नाही.

जुलैत तिच्या बारकीला जुलाब लागले होते. ओआरएसचं पाकीट फोडताना मला पहिल्यांदाच जाणवलं की त्यावरची सूचना सुरूच होते ती 'एक लिटर स्वच्छ पाणी' इथून. जलसंजीवनी म्हणतो आपण तिला, आणि ते नाव अक्षरशः खरं आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोड्याचं पाणी पिंपात भरून ठेवलं आणि रुग्णांच्या आया-बहिणींनाच ते पेल्या-पेल्याने पाजायला लावलं. तिथला मृत्यूचा आकडा शंभरातल्या तिसावरून चाराच्याही खाली आला. पेल्याने पाणी पाजणारी बाई हीच तिथली नर्स होती. बारकीला तिने रात्रभर चमचा-चमचा पाजलं, त्याच हंड्यातलं, अर्धा तास थांबून. मूल तरलं. ज्या पाण्यावर तिने लेकीचा जीव सोपवला ते पाणी मी घेतलं नव्हतं.

सप्टेंबरात, पाऊस ओसरल्यावर, मी मनाशी ठरवून गेले. बाटली मुद्दाम घरी ठेवली. पाणी मागायचं आणि प्यायचं, एवढंच डोक्यात होतं. मी आत जाऊन बसते न बसते तोच तिने मुलाला डोळ्यांनी खूण केली. तो चप्पल न घालताच धावत गेला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून सीलबंद बाटली घेऊन आला. थंडगार, बाहेरून घाम फुटलेली. तिने ती पदराने पुसून माझ्यापुढे ठेवली.

"सील आहे ताई, बघा."

वीस रुपयांची बाटली. एका कॅनचे पैसे. मला बोलताच येईना. शेवटी म्हटलं, "मला हे नको. हंड्यातलं दे." ती चटकन हंड्याच्या आड आली. "आज नको. औषध परवाच संपलं ताई. तसलं तुम्हाला कसं देऊ?"

तिच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. दोन महिने मी ज्या पेल्याचं ओझं वागवत होते, त्याच्याबद्दल तिच्या मनात काय होतं ते मला अजूनही माहीत नाही, विचारायचं धाडस झालं नाही. पण त्या क्षणी ती मला जपत होती, आणि तिची पोरं परवापासून तेच पाणी पीत होती.

मी पिशवीतून नवी बाटली काढली. तिने फडकं धरलं, मुलाने थेंब मोजले, मोठ्याने, एकेक. ढवळलं. झाकण ठेवलं तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. सीलबंद बाटली मुलाने दुकानात परत नेऊन दिली, पैसे घेऊन आला आणि घड्याळासमोर मांडी घालून बसला. मध्ये शेजारीण डोकावून गेली, बारकी उठली, परत झोपली. आम्ही फारसं बोललो नाही. पाच मिनिटं कमी असताना तो म्हणाला, "आता?" ती म्हणाली, "बस खाली."

चार चाळीसला त्यानेच झाकण काढलं आणि खुंटीवरचं ओगराळं मागितलं. पहिला पेला त्याने आईला दिला. तिने घड्याळाकडे पाहिलं, दाराबाहेर गल्लीच्या टोकाकडे पाहिलं, अर्धा पेला प्यायली आणि उरलेला झाकून बाजूला ठेवला. दुसरा पेला भरून त्याने माझ्या हातात दिला.